ओठांवर आलेलं सॉरी

परवा कपाट आवरताना ती निळी कापडी पिशवी हाताला लागली आणि ते कोर्ट आठवलं. अमेरिकेत, ट्रॉयमध्ये येऊन आम्हाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला होता. दुकानात सवयीनं मी सामान ट्रॉलीत न टाकता याच पिशवीत टाकत गेले, तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन आला आणि बोलता बोलता पैसे न देताच दाराबाहेर पडले. चोरीची केस झाली. माझी वकील मराठी आईबापांची, पण इथेच वाढलेली मुलगी. कोर्टाच्या गारठलेल्या बाकावर ती कानाशी कुजबुजली, "काकू, सहा महिने क्लीन राहिलात की जज केस डिसमिस करतील. फक्त सॉरी म्हणू नका, प्लीज. तसं म्हणून गुन्हा कबूल केलात, तर केस डिसमिस होऊनही इमिग्रेशनवाले गुन्हा सिद्ध झाला असंच धरतील." आमच्या घरी चूक झाली की कान धरून माफी मागायची, विषय तिथेच संपायचा. जजनी चष्म्यावरून बघत विचारलं, काही बोलायचंय का? माझे हात आपोआप जोडले गेले, तोंड उघडलं. वकील मुलीनं माझं मनगट इतकं करकचून धरलं की बांगडी रुतली. "नो, युअर ऑनर," मी म्हणाले. आवाज माझा वाटलाच नाही. सहा महिन्यांनी केस डिसमिस झाली. पण अजूनही दुकानात कुणाला माझा धक्का लागला, तर सॉरी म्हणण्याआधी मी मनगट चाचपते.