आचारीकाकांचं ऊन

आचारीकाका भट्टीपुढे उभे राहिले की पाण्याला शिवत नसत. भर वैशाखात वर तापलेले पत्रे, पुढ्यात धगधगणारा जाळ. तरी कुणी तांब्या पुढे केला की मान हलवायचे. "पानी पेलं का घाम येते, अन् घाम कढईत पडते. लोकाईले काय घाम वाढू?" या सोवळ्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे. चिखलीकडच्या निम्म्या लग्नांतली वरण-बट्टी त्यांच्याच हातची असायची.

उन्हाच्या बाबतीतही त्यांचा शब्द अखेरचा. मांडवात कुणी चक्कर येऊन बसलं की डॉक्टरआधी काकांना हाक जायची. मग कांदा ठेचून तळपायांना चोळायचा, कैरीचं पन्हं पाजायचं आणि वर खरडपट्टी: "काऊन बे, बोडक्यानं हिंडून राह्यला?" माणूस बहुधा उठून पंगतीत बसायचा. त्यामुळे हा इलाज गावात सगळ्यांना पाठ झाला होता.

माझ्या बहिणीच्या लग्नात रात्रीसुद्धा पत्रे निवले नव्हते. काकांचा डोळा लागला नव्हता. सकाळी बट्ट्या तळता तळता ते खाली बसले. भट्टीपुढे बसलेले काका मी कधी पाहिले नव्हते. घामाने निथळत होते, डावा हात दाबून धरला होता, जबडा दुखतो म्हणत होते.

"आज मलेच लागलं ऊन," ते कसनुसं हसले.

"गाडी काढू का? चिखलीले नेतो," बाबा म्हणाले.

"पयले लगन लागू द्या. उन्हासाठी कोनी दवाखान्यात जाते काय?"

उन्हातलं त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? आम्ही मान डोलावली. त्यांच्याबरोबर जन्मभर बट्ट्या वळत आलेल्या काकूंनी कांदा ठेचला. काकांनी पन्हं ओकलं, तर पुन्हा पाजलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत काकांचं बोलणं थांबलं होतं. मग गाडी निघाली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ते गेलेले होते. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. एवढ्या उष्म्यात, अंगात पाणी नसताना, हृदयावर फार ताण येतो. छातीत नाही, तर हातात, जबड्यात दुखतं कधी कधी. वेळेत आणलं असतं तर कदाचित वाचले असते.

मला डॉक्टरांचा राग आला, उन्हाचा आला, आणि सगळ्यांत जास्त काकांचा आला.

"इतका वेळ काय करत होता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

काकूंनी हात हळूच पदराखाली घेतले. त्यांच्या हातांना कांद्याचा वास येत होता.