रुबाबच्या डोळ्याखालचा भोवरा

दुसरं महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी, काष्टीला, सुभेदारकाकांच्या दारात मी एका घोड्याला नाल मारले... आणि त्याचा वंश बुडवला. आता वय अठ्ठ्याण्णव, लपवून कुठं नेणार? मी बोलतोय, नात टाईप करतेय.

आम्ही नगरचे नालबंद. वडलांच्या, म्हणजे अब्बांच्या हाताला आसपास तोड नव्हती. मी एकोणीस वर्षांचा, नुकताच एकटा कामाला जायला लागलेला, आणि डोक्यात हवा अशी की विचारू नका.

घोडा म्हणजे रुबाब! पुण्या-मुंबईच्या रेसमध्ये त्यानं भल्याभल्यांना धूळ चारलेली, पेपरात फोटो आलेला. मग पायाची शीर दुखावली, पळणं संपलं आणि मालक त्याला गोळी घालायला निघाला. सुभेदारकाकांनी हातापाया पडून त्याला मागून आणलं.

काका घोडदळातून पेन्शनीत आलेले. मूलबाळ नाही, काकू गेलेल्या... एकच ध्यास, या घोड्याची शिंगरं आपल्या भागात वाढवायची. गावोगावचे लोक आपापल्या घोड्या घेऊन यायला लागले होते.

अब्बांना ताप होता म्हणून त्या दिवशी मी गेलो. अंगणात ही गर्दी! सगळे चॅम्पियनला बघायला आलेले, पण मला वाटलं मलाच बघताहेत. झालं... हात जरा जास्तच जोरात चालायला लागला.

खिळा खुराच्या कडक भागात जातो तेव्हा टणटण आवाज येतो. चौथ्या खिळ्याला तो बद्द झाला आणि रुबाबनं पाय आखडला. खिळा आत मांसात गेला होता, आणि मला ते त्याच क्षणी कळलं होतं.

उपटायचा आणि पुन्हा ठोकायचा, एवढंच काम. पण इतक्या लोकांसमोर खिळा काढायचा म्हणजे नाक कापलं जाणार... मी त्याचं टोक वाकवलं, कानस फिरवली आणि मोकळा झालो.

चौथ्या दिवशी निरोप आला, घोडा पाय टेकत नाही. मी पोचलो तेव्हा बिचारा मान खाली घालून उभा होता. "बघ रं बाबा, काय झालंय त्याला," काका म्हणाले. दोन शेतकरी आपल्या घोड्या घेऊन तिथंच खोळंबले होते.

नाल काढला असता तर माझी चोरी उघडी पडली असती. म्हणून मी खुराला हातच लावला नाही, सरळ तोंडाकडे गेलो. उजव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता.

आमच्याकडे घोडा घेताना अंगावरचे भोवरे आधी बघायचे. छातीवर असला तर तो देवमण, उत्तम. डोळ्याखाली असला तर आसूढाळ... असा घोडा घरात रडारड आणतो, त्याची शिंगरंही तशीच निघतात, असं लोक मानायचे.

"काका, आसूढाळ हाय हा," मी म्हणालो. "ह्याचं असंच व्हायचं." अगदी अनुभवी माणसासारखा!

काका भडकले. "आमच्या रिसाल्यात असलं कुनी बगत न्हाई!" पण त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, घोड्या सोडल्या आणि चालू लागले. आठवडी बाजार होईपर्यंत पंचक्रोशीत बोभाटा झाला. त्यानंतर एकही घोडी त्या दारात आली नाही.

अब्बा तापातून उठले तसे मला घेऊन सकाळच्या गाडीनं काष्टीला उतरले. नाल काढला, खिळा ओढला... मागोमाग पू. त्यांनी काकांपुढं हात जोडले, "सुभेदारसाहेब, चूक आमच्या घरची आहे." माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "भर बाजारात उभा राहा आणि सांग. खिळा माझा होता, घोड्यात खोट नाही."

पुढच्या बाजाराला गेलो. घोडे बांधायच्या जागी बराच वेळ उभा राहिलो. ओळखीच्या एकानं हाक मारली, "काय नालबंद, हिकडं कुठं?" "सहज आल्तो," म्हणालो, भेळ खाल्ली आणि परतीची गाडी धरली.

घरी म्हणालो, सांगून आलो. अब्बांनी काकांनाही तसंच कळवलं. लाज वाटली नाही का? वाटली की! पण खोटं बोलायच्या आड काही आली नाही.

रुबाबचा पाय बरा झाला. शीर गेलेली, तरी ओढ्याच्या कडेनं असा दौडायचा की पाण्याला आलेल्या बायका कळशा खाली ठेवून बघत राहायच्या. दोन वर्षांनी पोटशूळ होऊन गेला. एवढा नावाजलेला घोडा... मागं एक शिंगरू नाही. काकांच्या भिंतीवर पेपरातला फोटो तेवढा राहिला.

काकांनी त्याला आपल्याच शेतात पुरलं. माती लोटायला मी होतो. काम उरकल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लोकांनी ऐकलं न्हाई, त्याला तू काय करनार? पर भर बाजारात उभा राहून आपली चूक सांगितलीस... लई मोठं काळीज लागतं पोरा. माझ्या रुबाबसाठी येवढं कुनी केलं नसतं."

मी मान डोलावली. हो, चक्क मान डोलावली मी!

त्यानंतर काका बरीच वर्षं होते. भेटले की चारचौघांत ही गोष्ट सांगायचे, पाठ थोपटायचे... आणि मी ती थोपटून घ्यायचो. आता ते नाहीत, त्यांच्यामागं कुणी नाही, माफी मागायला दारसुद्धा उरलेलं नाही.

काका, त्या दिवशी बाजारात मी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं.