लाल बटणावरचा अकरावा ठसा

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मी थापाड्या माणूस आहे. ऑफिसात, मुलुंडच्या सोसायटीत, सासुरवाडीत, सगळीकडे हे सर्वमान्य आहे. आमच्या लिफ्टमध्ये एकदा बिबट्या शिरला आणि मी त्याला "कितवा मजला?" विचारलं, हा किस्सा मी इतक्यांदा सांगितलाय की आता वॉचमनही साक्ष देतो. पण भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. थापा मारणाऱ्याला दुसऱ्याच्या थापा लगेच कळतात ना! अमावास्या, पिंपळ, पांढरी साडी... सगळं कच्चं काम. तेव्हा खालचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा, मला सवय आहे. फक्त शेवटपर्यंत वाचा.

माझं काम जरा वेगळं आहे. समुद्रात तेलासाठी खोदकाम करणारे रिग असतात, त्यावर एक काचेची केबिन असते. तिच्यात बसून एक माणूस, म्हणजे ड्रिलर, अख्खं मशीन चालवतो. त्याची खुर्ची, हाताखालची बटणं, दांडे, स्क्रीन... ते सगळं कुठे असावं हे मी ठरवतो. भांडुपला आमची शेड आहे. खरी खुर्ची बनण्याआधी आम्ही ती प्लायवूडमध्ये मापाला माप उभी करतो, पॅनल काळं रंगवतो आणि बटणांच्या जागी छापील कागद चिकटवतो. मग एखाद्या मुरलेल्या ड्रिलरला बोलावून खडूची चाचणी. त्याच्या डोळ्यांवर फडकं, बोटांना खडू. मी बोंबलतो, "स्टॉप!" आणि त्याने इमर्जन्सीचं लाल बटण मारायचं. दहा वेळा. कारण खऱ्या संकटात ड्रिलरची नजर काचेपलीकडच्या पाइपवर असते, स्वतःच्या हाताकडे बघायला वेळच नसतो. हात सवयीने जिथे जातो, तिथे बटण हवं.

या चाचणीला आमच्याकडे यायचे हिराजी तांडेल, म्हणजे तांडेलकाका. वेसाव्याचे कोळी, पण उभी हयात रिगवर काढलेली. माझ्या थापांचं असं गिऱ्हाईक पुन्हा मिळणार नाही. एकदा मी सांगितलं, "काका, माझ्या खुर्चीवरून एक ड्रिलर ड्युटी संपली तरी उठेना. शेवटी हेलिकॉप्टरने खुर्चीसकट घरी पोचवला." काका चहा फुंकत म्हणाले, "खुर्ची परत आणली ना रे?"

तर... मे महिन्यातली दुपार. काका न बोलावता शेडमध्ये आले.

"एक काम हाय तुझ्याकडे," म्हणाले. "माझी शेवटच्या रिगवरची खुर्ची बनव. होती तशीच."

"कशाला काका? घरी टीव्ही बघायला?"

ते हसले नाहीत. खाली बसले आणि सांगायला लागले.

त्यांचा धाकटा भाऊ मोरेश्वर त्याच रिगवर खाली, पाइप जोडायच्या जागी काम करायचा. काकांची नुकतीच नव्या केबिनमध्ये बदली झाली होती. एका सकाळी वर खेचताना पाइप अडकला, दोर ताणला गेला. काकांनी डावा हात लाल बटणावर मारला. मशीन थांबलं. खालचे दोघे वाचले, मोरेश्वर नाही. रिपोर्टात आलं, ड्रिलरने तत्काळ बटण दाबलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. मोरेश्वरची बायको यमुना काकांच्याच घरात राहणारी. तिने तेव्हापासून आजवर माशाची पहिली तुकडी काकांच्याच ताटात वाढली. "दादांनी शर्थ केली," असं ती सगळ्या कोळीवाड्यात सांगायची.

"पण माझा हात बटणावर पडलाच नव्हता रे," काका म्हणाले. "तो गार पत्रा मला अजून आठवतो. केबिनमध्ये मी एकटा. मग मशीन थांबवलं कोणी? की हात बरोबर पडला होता, आणि मीच उगाच मनात जळतोय? तुझी चाचणी घे. एकदा कळू दे."

सांगतील तशी खुर्ची उभी केली. चार दिवस लागले. जुन्या केबिनमध्ये बटण पुढे होतं, नव्यात चांगलं वीतभर मागे. पॅनलची पुढची कड शेडच्या भिंतीला टेकलेली, मध्ये उंदीरही जाणार नाही.

डोळ्यांवर फडकं बांधलं. "स्टॉप!" ...दहा वेळा. फडकं सोडलं. दहाच्या दहा ठसे वीतभर पुढे, मोकळ्या काळ्या प्लायवर. बटणाच्या कागदावर खडूचा कणही नाही.

काका बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मीच चुकलो."

मी नेहमीच्या सवयीने पॅनलचा फोटो काढला आणि काकांना दारापाशी चहाला नेलं. शेडला दार एकच, आणि आम्ही दोघं त्या दारातच उभे. आत कोणी नव्हतं, कोणी गेलं नाही. काकांनी अर्धा कटिंग तसाच ठेवला. परत आत आलो.

लाल बटणाच्या बरोबर मधोमध पांढरा पंजा उमटला होता. पूर्ण, उजव्या हाताचा. बोटं खुर्चीच्या दिशेला, म्हणजे जणू कोणी समोरून, भिंतीच्या बाजूने हात टाकलाय. आणि मधलं बोट अर्धंच.

मी दाराकडे दोन पावलं मागे सरकलो. काका मात्र हळूहळू पुढे गेले, बराच वेळ वाकून बघितलं आणि माझ्याकडे वळले. डोळे भरलेले, तोंडावर हसू.

"चांगल्या मनाचा हायस तू."

"काका, मी नाही केलं!"

"मोरूचा फोटो दाखवला होता तुला, माझ्या खांद्यावर हात टाकलेला. तुटकं बोट बरोबर हेरलंस."

"अहो, मी बघितलंसुद्धा नाही ते बोट! आणि तुमच्याबरोबर चहा पीत होतो ना मी? आईशप्पथ!"

"आईशप्पथ तर बिबट्याच्या वेळी पण घेतली होतीस," काका म्हणाले आणि माझ्या पाठीवर थोपटलं. "असू दे. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून केलंस. पण मला खरं पायजे होतं, ते मिळालं."

मी पंज्याचाही फोटो काढला, दोन्ही फोटोंची वेळ दाखवली. ते ऐकून घेत होते, लहान पोराचं ऐकतात तसं. त्याच संध्याकाळी त्यांनी यमुनाकाकूंना सांगून टाकलं, माझा हात चुकला होता. पंज्याबद्दल अवाक्षर नाही. खोट्याचा आधार कशाला घ्यायचा, असं त्यांना वाटलं असणार.

चार महिन्यांनी काका गेले. झोपेतच.

मी वेसाव्याला भेटायला गेलो. काकू ओट्यावर बसल्या होत्या. मी मोबाइल काढून तो पंज्याचा फोटो पुढे केला. कुठला, कशाचा, काही सांगितलं नाही. त्यांनी चष्मा लावला. मग एकदम आपला तळवा स्क्रीनवर ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या.

"यांचा हात," म्हणाल्या. "बोट बोटीच्या यंत्रात गेलं, लग्नाच्या आधीच. कुठे मिळाला हा?"

सगळं सांगितलं. रिकामा पत्रा, दहा ठसे, चहा, सगळं.

"म्हणजे मशीन यांनी थांबवलं? तिथून, खालून?"

"मला माहीत नाही काकू."

"दादांना दाखवलं नाहीस?"

"दाखवलं होतं. त्यांना वाटलं मी बनवलाय."

काकूंनी चष्मा काढला. समोर दोरीवर बोंबील वाळत होते, तिकडे बघत म्हणाल्या, "चार महिने मी त्यांना ताट वाढलं रे, पण एक शब्द बोलले नाही. नीट सांगायला पायजे होतंस त्यांना."

ते पॅनल अजून शेडमध्ये आहे. इंजिनिअर मित्रांना दाखवलं. एक म्हणाला ओल, एक म्हणाला जुना ठसा रंगाखालून वर आला असेल, बाकीचे माझ्याकडे बघून नुसते हसले. मी त्या पंज्यावर माझा हात ठेवून बघितला. बसत नाही. तो ठसा कुठून आला, मला माहीत नाही. आणि काकूंचं ते वाक्य... कसं सांगितलं असतं म्हणजे काकांना पटलं असतं, तेही मला अजून सापडलेलं नाही.