बत्तिसावा पाना

लग्नाला बारा वर्षं झाली तरी ज्या माणसानं घरातला एक बल्ब बदलला नव्हता, त्यानं ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एक दिवस लांब नाकाची, दोन दारांची, जुनी दांडगट गाडी ट्रकवर घालून लीड्सच्या आमच्या घरी आणली. तिचं इंजिन पार जाम झालेलं होतं.

"हिच्यात आठ सिलिंडरचं बसवणार," नवरा म्हणाला.

तो सर्जन, मी पॅथॉलॉजिस्ट. कॉलेजात एकाच वर्गात होतो, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी शिरलंच नाही. "डोकं फिरलंय का तुझं?" मी विचारलं.

फिरलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात त्यानं केलेल्या एका ऑपरेशननंतर पेशंटच्या पोटात स्वॅब, म्हणजे रक्त टिपायचा कापडी बोळा, राहिला होता. पोट पुन्हा उघडून तो काढला, बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. टाके घालण्याआधी नर्स सगळं मोजून सर्जनला सांगतात, आणि त्या दिवशीच्या कागदावर 'काउंट करेक्ट' असंच लिहिलेलं होतं. चौकशीअंती पत्र आलं की दोष कोणा एकाचा नाही. कोणा एकाचा नाही म्हणजे आपलाच, असं ह्याच्या मनानं घेतलं. आपणच नीट ऐकलं नसेल, आपणच चुकलो असू. तेव्हापासून तो रजेवर होता. राजीनामा लिहून त्यानं गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवला.

"माझ्या हातानं उघडलेलं आणि माझ्याच हातानं बंद केलेलं काहीतरी नीट चालताना बघायचंय," तो म्हणाला. "चाललं तर हे लेटर फाडीन. नाहीतर पोस्टात टाकीन."

मला राग आला होता, पण माझी चौकस बुद्धी रागाच्या वरचढ. शेजारचे इंग्रज आजोबा जन्मभर बस डेपोत फिटर होते, ते मदतीला यायचे. त्यांना मी पहिल्याच दिवशी विचारलं की परकी किडनी शरीर नाकारतं, तसं परकं इंजिन गाडी नाकारते का?

"लोखंडाला आपलं-परकं नसतं, लव्ह," ते म्हणाले; इकडे म्हातारी माणसं सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात. "भांडण असतं ते जागेचं."

आणि काय भांडण! भंगारातून आणलेलं इंजिन आधीच्यापेक्षा रुंद निघालं. खालची तेलाची टाकी आडव्या पट्टीवर टेकायची, एक्झॉस्टचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला घासायचा. ते दोघं साखळीला टांगलेलं इंजिन बोट-बोट खाली सोडायचे आणि मी टॉर्च घेऊन वाकून, कुठे काय अडतंय ते ओरडून सांगायची. रोज काहीतरी नवीन अडायचं आणि मला उगाचच आनंद व्हायचा.

गॅरेजच्या भिंतीवर त्यानं फळी ठोकली होती. तिच्यावर नट-बोल्ट आवळायचे बत्तीस पाने, प्रत्येकाभोवती पेन्सिलीनं काढलेली त्याची आकृती. काम सुरू करताना मोजायचे, संपल्यावर मोजायचे, तेही मोठ्यानं. आजोबा हसायचे. "चाळीस वर्षं बसेस दुरुस्त केल्या, एकदाही मोजले नाहीत."

ऑक्टोबरात खंडेनवमी शनिवारी आली. माझे वडील त्या दिवशी दवाखान्यातली हत्यारं पाटावर मांडून त्यांची पूजा करायचे, आणि दसऱ्यापर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. मी दरवर्षी विळी आणि स्टेथोस्कोप मांडते. या वर्षी वाटलं, ह्याच्या हातांसाठीही काहीतरी मागावं. सकाळची मोजणी करून तो चहाला आत आला होता. मी फळीवरचा एक पाना उचलला, एअरिंग कपबोर्डातल्या, म्हणजे कपडे वाळवायच्या उबदार कपाटातल्या, देवांपुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि बहिणीच्या मुलीच्या बारशासाठी लंडनजवळच्या इल्फर्डची ट्रेन पकडायला धावले. गडबडीत त्याला सांगायचं राहून गेलं.

रविवारी दुपारी परत आले, तर शनिवारी बसवून व्हायचा होता तो गिअरबॉक्स सुटा होऊन जमिनीवर पडलेला.

"एकतीसच आहेत," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अर्ध्या इंचाचा नाहीये. आतच कुठेतरी राहिलाय. आता इंजिन उघडतो."

"माझ्याकडे तसले तीन आहेत," आजोबा मला हळूच म्हणाले. "घे म्हटलं, तर ऐकत नाही. पाना त्या कोपऱ्यातल्या फ्रीझरखाली गेला असेल, दुसरं काय."

मी आत जाऊन कपाट उघडलं. पाना कुंकू लावून विळीशेजारी निवांत पडला होता.

खरं सांगते, तो फ्रीझरखाली सरकवून द्यावा असं मनात आलं. आजोबांनी जागा तर आयती सुचवली होती. सगळे हसले असते, विषय मिटला असता. मी पदराखाली पाना लपवून गॅरेजच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. पण हा ओणवा होऊन, इंजिनाच्या फटीत बोटं घालून चाचपत होता. माझ्यानं ते बघवेना.

"मी नेला होता," मी म्हणाले. "पूजेला. काल सकाळी, तू चहा घेत होतास तेव्हा. न सांगता."

आता हा ओरडणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. त्यानं पाना हातात घेतला आणि कुंकवाकडे बघत टायरवर बसला.

"म्हणजे सकाळी बत्तीस होते," तो म्हणाला.

"हो."

"आणि संध्याकाळी एकतीस. दोन्ही वेळा मी बरोबर मोजले. तरी पाना गेला, माझी चूक नसताना."

"हो रे."

तो रडायला लागला. आजोबांना काही कळलं नाही, पण ते उठले आणि चहा ठेवतो म्हणून आपल्या घरी गेले.

गाडी सुरू व्हायला त्यानंतर आणखी एक आठवडा लागला. राजीनामा मात्र त्यानं त्याच दुपारी फाडला.