भाचीचं तोंडपाठ वाचन

माझी भाची पहिलीत असताना हत्तीचं एक इंग्रजी पुस्तक घडाघडा वाचायची. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पाहुणा आला की अक्का, माझी थोरली बहीण, ते तिच्या हातात द्यायची. मीही एकदा टाळ्या वाजवल्या. पुढच्या खेपेला सहज चित्रावर हात ठेवला. वाचन थांबलं. हात काढला, सुरू झालं. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" तिनं अख्खं वाक्य म्हणून दाखवलं.

पोरीला एकही शब्द वाचता येत नव्हता.

"येतंय की तिला," अक्का म्हणाली. मग दार लोटून हळूच, "परीक्षा होईपर्यंत कुठं बोलू नकोस. वाचता आलं नाही तर परत पहिलीतच बसवणार आहेत."

आम्ही निपाणीकडचे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, कुणाचं काही अडलं नाही. पण शाळेनं प्रवेश देतानाच बजावलं होतं, घरी फक्त इंग्रजी बोला. आणि अक्का-दाजी दोघांनी ते ऐकलं! भाजी निवडता निवडता एकच गोष्ट तासभर लांबवणारी माझी अक्का स्वतःच्या लेकीशी 'कम', 'ईट', 'स्लीप' एवढ्यावर आली. ज्या भाषेत आईच मुकी होते, त्या भाषेत मूल वाचणार काय, कपाळ? मातृभाषेतून शिकवा म्हणून मी शहरभर पत्रकं वाटत हिंडते, आणि माझ्याच बहिणीच्या घरात हे!

मग मी शनिवारी खडू घेऊन जायला लागले. बाल्कनीच्या फरशीवर बसायचं. "तू बोल, मी लिहिते." पहिल्यांदा ती दाराकडेच बघत राहिली, मराठी बोलले तर कोण रागावेल म्हणून. शेवटी पुटपुटली, "पप्पा लवकर या." ते लिहिलं. मग दर शनिवारी तिचं नवं वाक्य, आणि त्यातली अक्षरं ओळखायची. एकदा न सांगता मी मधला शब्द बदलला. ती अडखळली, अक्षर अक्षर जोडत गेली आणि खुदकन हसली. वाचलं होतं तिनं. खरंखुरं.

नेमके तेव्हाच दाजी आले. "तुझी पत्रकं रस्त्यावर वाट गं, माझ्या घरात नको. स्वल्प इंग्रजी आलंय, तेही घालवशील."

"दाजी, तिला इंग्रजी वाचताच येत नाही."

"आणि तुझ्या मराठीवर नोकरी कोण देणार? तू?"

अक्कानं फरशीवर बादली ओतली. शनिवार बंद झाले.

परीक्षेत बाईंनी पुढ्यात ठेवलं तेच हत्तीचं पुस्तक. पोरगी घडाघडा म्हणाली, पास झाली, वर शाबासकी. एवढी फी घेणाऱ्या शाळेत एकाही माणसाला एका शब्दावर बोट ठेवून विचारावंसं वाटलं नाही! अक्कानं मैसूरपाक वाटला. मला फोनवर म्हणाली, "बघितलंस? उगाच घाबरवलंस."

जूनमध्ये गेले तर भाची दुसरीचं जाडजूड पुस्तक घेऊन मांडीवर येऊन बसली.

"मावशी, एकदाच वाचून दाखव ना. मग मला येतंय."

आतून दाजी ओरडले, "वाच की, उद्या विचारणार आहेत तिला."

मी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि थांबले. ती बोटाकडे बघतच नव्हती. माझे ओठ कधी हलतात, याची वाट बघत होती.