चाळीसकाकांची तिसरी बॅटरी

माझे काका चष्मे पोहोचवतात. दुकानातून तयार चष्मा घ्यायचा, गिऱ्हाइकाच्या नाकावर नीट बसतो का पाहायचं, की पुढच्या दारी. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी विजेवरची मोटरसायकल घेतली. एका चार्जिंगमध्ये चाळीस किलोमीटर, असं कागदावर होतं. शिशाची बॅटरी, धोंड्यासारखी जड. तिसाव्या किलोमीटरलाच ती मान टाकायची आणि काका गाडी ढकलत घरी यायचे. गल्लीने त्यांना चाळीसकाका म्हणायला सुरुवात केली. त्यातले दहा किलोमीटर फुकटचेच.

पुढे लिथियमची आली, ती ऐंशी जायची. यंदा मी हट्टाने तिसरी बसवून घेतली. आकार तोच, वजन कमी, आणि जाते एकशे साठ. आतले सेल कसे सुधारले ते मी आकृती काढून समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच कागदाच्या मागे वाटेतल्या प्लगांची यादी केली.

काकूची बहीण सत्तर किलोमीटरवर राहते. इतकी वर्षं काकू तिच्याकडे बसने एकटीच जायची. या खेपेला तिने बजावलं, "गाडीवर नेणार असाल तर चला. नाहीतर मी बसने जाते आणि महिनाभर येत नाही."

काकांना साधा चहा करता येत नाही. ते निघाले.

तिसाव्या किलोमीटरला गाडी सवयीने पंक्चरवाल्याच्या दुकानात वळली. काकांनी चार्जर काढून लावलासुद्धा. पंक्चरवाल्याने वाकून आकडा वाचला.

"काका, ऐंशी टक्के आहे की. सांडेपर्यंत भरायचीय का?"

असलेली बरी, म्हणत काका स्टुलावर बसले. पाऊण तास तरी लागेल, असंही त्यांनी सांगून टाकलं. काकू पिशवी उचलून रस्त्याच्या कडेला गेली आणि येणाऱ्या बसला हात केला.

बस थांबली. काकांनी एकदा आकड्याकडे पाहिलं, एकदा बसकडे, आणि पिन उपटली. धावत जाऊन कंडक्टरला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. या माझ्याबरोबर आहेत."

कंडक्टरने काकूकडे पाहिलं. तिने चांगला वेळ घेतला, मग मान डोलावली.

संध्याकाळी तिचा फोन आला. पोहोचले तेव्हा पंचावन्न टक्के शिल्लक होती म्हणे. काका कुठे आहेत विचारलं, तर साडूंना मागे बसवून गाव दाखवायला गेले होते. साडूंचंच गाव.