कानशीने घासलेली चेन

रायपूरमधल्या पोलीस नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. ही घटना मात्र आजही लख्ख आठवते, कारण तिच्यात माझीही चूक होती.

पावसाळ्याआधी चौबे कॉलनीत झाडं छाटायचं काम सुरू होतं. चेन-सॉ चालवणारा पन्नाशीचा मजूर मानेवर जखम होऊन जागीच गेला. पाय घसरला, असं ठेकेदाराने सांगितलं. आम्ही पंचनामा केला, मर्ग म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली. गडबडीत मशीन ठेकेदाराच्या गोदामात गेली होती; ती त्याने संध्याकाळी ठाण्यात आणून दिली. मला त्यात काही खटकलं नाही. मशीन ठीक होती, जबाब जुळत होते. प्रकरण बंद करायला माझी सही तेवढी बाकी होती.

चौथ्या दिवशी त्याची बायको आली. मशीन दाखवा, एवढंच म्हणाली. मालखान्यातून, म्हणजे जप्त वस्तूंच्या खोलीतून, काढून समोर ठेवली, तेव्हा तिने पुढच्या मुठीजवळच्या आडव्या दांडीवर बोट ठेवलं. ती रोज नवऱ्याच्या कामावर डबा घेऊन जायची. ही दांडी त्यांच्या मशीनला नव्हती, ती म्हणाली. दुरुस्तीहून आल्यापासून मशीन तोंडावर उसळते, असं नवरा मरायच्या आधी दोन दिवस तिला सांगत होता.

ती दांडी म्हणजे ब्रेक. पात्याचं टोक झटक्याने वर उसळलं, तर तो चेन थांबवतो.

दुरुस्ती शहरातल्याच तात्यापारा भागातल्या एका मिस्त्रीकडे झाली होती. मूळचा अमरावतीकडचा, साठीतला, हाताचा कसबी माणूस. ठाण्यात बोलावल्यावर सुरुवातीला त्याने सगळंच नाकारलं. मी आवाज चढवला नाही. कारागीर धमकीला बधत नाही, पण कामाबद्दल विचारलं की गप्प राहू शकत नाही. मशीन पुढ्यात ठेवून विचारलं, ही जास्त वेगाने कापायला हवी असेल तर काय करता?

तो खुलला. चेनच्या प्रत्येक दातापुढे लहान उंचवटा असतो, तो कानशीने घासला की दात खोल शिरतो, लाकूड भराभर कापलं जातं, हे त्याने चेन हातात घेऊन दाखवलं. दाखवता दाखवता त्याचा हात थांबला. सगळे उंचवटे प्रमाणाबाहेर खाली गेलेले होते.

"ब्रेक मी त्याच दुपारी परत लावून देल्ला साहेब," तो हळूच म्हणाला. "पण घासलेलं लोखंड परत कसं लावू? नवी चेन दुकानात नव्हती."

ठेकेदाराला काम लवकर उरकायचं होतं. ब्रेक सारखा लागतो म्हणून त्यानेच तो काढायला लावला होता, आणि अपघातानंतर त्यानेच परत बसवून घेतला.

"अशी मशीन उसळते, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हव. मी मालकाले सांगतलं होतं."

"आणि चालवणाऱ्याला?"

त्याने मान खाली घातली. "तो तं मशीन न्यायले आलता. माह्यासमोरच उभा होता."

निष्काळजीपणाने मृत्यू आणि पुरावा नष्ट करणे, असा गुन्हा दोघांवर दाखल झाला. दोघांनाही शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी ती बाई कोर्टात आली होती. मी तिची माफी मागायला हवी होती. नुसता नमस्कार केला.

पुढे कामावरच्या प्रत्येक मृत्यूत मी पहिला प्रश्न हाच विचारला, की धोका आहे हे काम करणाऱ्याला कोणी सांगितलं होतं का. बहुतेक वेळा उत्तर तेच मिळालं: मालकाला सांगितलं होतं.